कस्तुरबा गांधी यांचं स्वतःचं सार्वजनिक काम काय होतं?

भरपूर होतं. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आमच्या खानदेशात गांधीजी घराघरात पोचले. बांचं, म्हणजे कस्तुरबांचं, काम मात्र फारसं कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दक्षिण आफ्रिकेत १९१३ साली ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह कोर्टाने बेकायदा ठरवले. त्याविरुद्ध बा स्वतः सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगली.

चंपारणमध्ये त्या बायकांना स्वच्छतेबद्दल सांगायला गेल्या, तेव्हा एकीने त्यांना झोपडीत नेऊन दाखवलं: अंगावरच्या लुगड्याशिवाय दुसरं लुगडंच नाही, धुवायचं काय? ही गोष्ट बांपाशीच बोलली गेली, पुरुष कार्यकर्त्याजवळ ती बाई एवढं बोलली नसती.

१९३९ मध्ये राजकोटला अटक. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना पकडल्यावर शिवाजी पार्कच्या सभेत बोलायला बा निघाल्या, त्यांनाही पकडलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच त्या गेल्या.

नंदुरबारकडच्या आदिवासी मुली ज्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत राहून शिकतात, ते नाव यांचंच.