एक भाषा, अनेक राज्ये आणि लेखकाचा हक्क

प्रश्न : १८७१ पर्यंत जर्मनी हे एक राष्ट्रच नव्हते. मग तेथील लेखक-कलावंतांच्या हक्कांना कायद्याचे संरक्षण केव्हा व कसे मिळाले? — एक वाचक, सांगली

उत्तर : अडचणीचे मूळ तुम्ही प्रश्नातच सांगितले आहे. अठराव्या शतकात लाइपझिगच्या प्रकाशकाने मानधन मोजून काढलेले पुस्तक व्हिएन्नाचा मुद्रक ट्राटनर परवानगीशिवाय राजरोस छापून स्वस्तात विकत असे, आणि त्याला दरबाराचे अभयही होते. यावर उपाय एकच, राज्याराज्यांकडून इतरांच्या छपाईला मनाई करणाऱ्या सनदा मिळवण्याचा. आपल्या समग्र वाङ्मयासाठी गटेने १८२५-२६ मध्ये जर्मन राज्यसंघातील ३९ राज्यांच्या सनदा मिळवल्या. सामान्य लेखकाची अर्थातच तेवढी पत नव्हती.

हे चित्र पालटले ते प्रशियाच्या ११ जून १८३७ च्या कायद्याने. ग्रंथांबरोबर संगीतरचना आणि कलाकृतीही त्याच कायद्यात आल्या, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ३० वर्षे हक्क वारसांकडे राहील, असे ठरले. राज्यसंघाने मात्र त्याच वर्षी सर्व राज्यांसाठी किमान १० वर्षांचीच मुदत मान्य केली. संघभर ३० वर्षे व्हायला १८४५ साल उजाडले.

ज्यांचे निधन राज्यसंघाच्या १८३७ च्या त्या ठरावापूर्वीच झाले होते, अशा लेखकांना वाढवून दिलेले संरक्षण ९ नोव्हेंबर १८६७ रोजी संपले. त्याच वर्षी लाइपझिगच्या रेक्लाम प्रकाशनाने गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग आपल्या नव्या मालेचे पहिले पुस्तक म्हणून दोन चांदीच्या ग्रोशनना, म्हणजे अगदी स्वस्तात, विकायला काढला. मुदत वाढवण्याची मागणी करणाऱ्यांनी ही किंमत लक्षात ठेवावी, असे आम्हांस वाटते.

जुना राज्यसंघ मोडल्यावर प्रशियाच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्तर जर्मन संघाने ११ जून १८७० रोजी केलेला कायदा पुढे १८७१ च्या जर्मन साम्राज्यालाही लागू झाला. चित्रकार-शिल्पकारांसाठी आणि छायाचित्रांसाठी वेगळे कायदे जानेवारी १८७६ मध्ये झाले. त्यांत छायाचित्राच्या पदरात जेमतेम ५ वर्षे पडली, कारण यंत्राने उमटलेल्या प्रतिमेला कलाकृती मानायला कायदेपंडित राजी नव्हते.

छायाचित्रात जो दिसतो, त्याच्या हक्काचा विचार तर झालाच नव्हता. १८९८ मध्ये दोन छायाचित्रकारांनी रात्री फ्रीड्रिक्सरूच्या वाड्यात शिरून जर्मनीचे माजी चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या मृतदेहाचे छायाचित्र घेतले, तेव्हा १८९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला घरात बेकायदा शिरण्याच्या मुद्द्यावर वारसांना न्याय द्यावा लागला. ही उणीव जानेवारी १९०७ च्या कायद्याने भरून काढली : चित्रित व्यक्तीच्या संमतीविना तिची प्रतिमा प्रसिद्ध करण्यास, काही अपवाद वगळता, त्याने मनाई केली.