मायटोकॉन्ड्रियाच्या आजारावर नवं संशोधन, पैसा कुठून मिळेल?

तुमचा प्रश्न: शिवाजी विद्यापीठात पीएचडी संपत आलीय, मायटोकॉन्ड्रियाच्या आजारावर (आपल्या पुस्तकांतली तंतुकणिका, पेशीत ऊर्जा तयार करणारा भाग) प्राथमिक काम करायचंय, अनुदान कोण देतं?

आधी एक गोंधळ मिटवतो. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातले ५० लाखांपर्यंतचे पैसे रुग्णाच्या उपचारासाठी आहेत, संशोधनाला नाहीत. बरेच जण तिथंच अडकतात.

संशोधनासाठी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि सर्बची (केंद्राचं आधीचं संशोधन-अनुदान मंडळ) जागा घेतलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन बघा. परदेशात अमेरिकेतली युनायटेड मायटोकॉन्ड्रियल डिसीज फाउंडेशन आहे. पात्रतेच्या अटी मात्र नीट वाचा.

खरं दुखणं वेगळंच. सगळे प्राथमिक निष्कर्ष मागतात आणि ते काढायलाच तर पैसे हवे असतात! म्हणून प्रश्न छोटा ठेवा. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए मुळात छोटाच, १६,५६९ बेसजोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), जनुकं ३७. एका जनुकातला एकच बदल पेशींवर तपासा. 'आजार बरा करू' असं लिहिलंत की परीक्षक तिथंच पान उलटतो. आणि नमुने माणसांचे असतील तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातला एखादा डॉक्टर आत्ताच जोडीला घ्या, नैतिक समितीची परवानगी काढण्यात महिने जातात. गाईड काय म्हणतात?