दाबाखालच्या गरम पाण्याने सोया पेंडीचे पेप्टाइड करता येतील का? एन्झाइम परवडत नाहीत, मोठा प्रेशर कुकर आहे.

पाण्याने पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, होतात, पण कुकरमध्ये नाही. कुकर 120 अंशांच्या आसपास थांबतो. तेवढ्यात प्रथिनं शिजतात, त्यांच्या घड्या उलगडतात, पण अमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध फारसे तुटत नाहीत. साध्या तापमानाच्या पाण्यात हा बंध आपोआप तुटायला शेकडो वर्षं लागतात, इतका तो चिवट.

खरं काम 160 अंशांच्या पुढे सुरू होतं. पुरेसा दाब असेल तर पाणी 374 अंशांपर्यंत द्रव राहतं. 200 अंशांना सुमारे 16 बार लागतात. तापत जाईल तसा त्याचा स्वभाव बदलतो. 250 अंशांजवळ हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन एरवीच्या पंचवीस-तीस पट होतात, म्हणून बाहेरून आम्ल न घालताही बंध तुटतात. डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे पाण्याच्या ध्रुवीयतेचं माप, 80 वरून 27 च्या जवळ येतो, म्हणजे मिथेनॉल-इथेनॉलच्या पंगतीत. त्यामुळे एरवी पाण्याला दाद न देणारे प्रथिनांचे भागही विरघळू लागतात.

एवढं ऐकून हुरळू नका. तोडणं सोपं, वेळेवर थांबवणं अवघड. ट्रिप्सिन हे एन्झाइम फक्त लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी कापतं. पाण्याला अशी निवड नसते. अ‍ॅस्पार्टिक आम्लाशेजारचे बंध तेवढे आधी सुटतात. तापमान किंवा वेळ वाढली की पेप्टाइडची अमिनो आम्लं होतात आणि मग तीही मोडून सेंद्रिय आम्लं नि अमोनिया उरतो. सेरीन, थ्रिओनीन लवकर जातात, ग्लायसीन टिकतं. त्यात पेंडीत साखर असते, म्हणजे साखर आणि अमिनो आम्लांची मेयार अभिक्रिया आलीच: द्रव तपकिरी होतो, करपट वास येतो. रिअ‍ॅक्टर म्हणजे हे दाबपात्र उघडलं की मला ते आधी नाकाला कळतं. म्हणून पेंड आधी 4.5 सामूच्या पाण्यात धुवा. प्रथिनं बहुतेक मागे राहतात, साखर निघून जाते.

बंद भांड्याच्या रिअ‍ॅक्टरमध्ये आणखी एक गोची असते. 180 अंशांना 20 मिनिटं ठेवलं असं आपण लिहितो, पण तापताना आणि निवतानाही तुटणं चालूच असतं. सलग नळीच्या यंत्रात हे टळतं, तर पेंडीचा रबडा पंपात अडकतो!

हे घरी जुगाड करून करू नका. 200 अंशांचं पाणी एकदम मोकळं झालं तर त्याचा जवळजवळ पाचवा भाग क्षणात वाफ होतो. दाबपात्र प्रमाणित हवं, सेफ्टी व्हॉल्व्ह हवा आणि झाकण पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं. जवळच्या अन्न तंत्रज्ञान महाविद्यालयात असा रिअ‍ॅक्टर आहे का, ते आधी विचारा.

मिळाला तर 160 ते 200 अंशांत, 10 ते 30 मिनिटांत नमुने काढा. नुसतं विद्राव्य नायट्रोजन मोजू नका, त्यात अमोनियाही धरला जातो. मोकळे अमिनो गट (किती बंध तुटले ते यावरून कळतं) आणि रेणूंचा आकार, दोन्ही तपासून घ्या.