पहिला क्रमांक कोणाचा, यापेक्षा तो कसा काढला?

आपले पत्र मिळाले. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात आपण पाच वेब फ्रेमवर्कच्या (वेब ॲप्लिकेशन बांधण्यासाठीच्या तयार सांगाड्यांच्या) वेगाची एकाच लॅपटॉपवर तुलना केली, त्यांतले एक दहापट वेगवान ठरले, आणि आता नोकरीसाठी तेवढेच शिकावे का, असे आपण विचारता.

केवळ या आकड्यावरून तसे ठरवू नये. सर्व्हर आणि त्याच्यावर भार टाकणारे साधन एकाच यंत्रावर चालत असतील, तर दोघे एकाच प्रोसेसरसाठी भांडतात आणि आकड्यात त्या भांडणाचाही वाटा येतो. जावा किंवा नोडसारख्या मंचांवर कोड चालता चालता वेगवान होत असल्याने सुरुवातीचा काळ मोजणीतून वगळावा लागतो. सगळी फ्रेमवर्क प्रॉडक्शन मोडमध्ये (प्रत्यक्ष वापरासाठीच्या मांडणीत) होती का, आणि लॉगिंग (घडामोडींची नोंद) व डेटाबेसच्या कनेक्शन पूलचा (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या संचाचा) आकार सर्वांना सारखा होता का, हेही आपण लिहिलेले नाही. शिवाय नुसता छोटा जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) परत करण्याच्या चाचणीत दिसणारी दहापट तफावत, बराचसा वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जाणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये पुष्कळच आटते. टेकएम्पॉवर या कंपनीने २०१३ मध्ये सुरू केलेल्या वेब फ्रेमवर्कच्या वेगचाचण्यांमध्ये 'फॉर्च्युन्स' ही चाचणी म्हणूनच मला अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात डेटाबेसमधील नोंदी आणून, क्रम लावून, सुरक्षितपणे एस्केप करून (त्यांतील धोकादायक चिन्हे निष्प्रभ करून) एचटीएमएल पान तयार करावे लागते.

सर्वांत फसवी चूक मात्र विलंबाच्या मोजणीत असते. समजा, एका कनेक्शनवरून दर १० मिलिसेकंदांनी एक विनंती जायची आहे आणि सर्व्हर मध्येच १ सेकंद गोठला. साधन उत्तराची वाट पाहत थांबले, तर नोंद एकाच संथ विनंतीची होते, प्रत्यक्षात त्या सेकंदात सुमारे १०० विनंत्या खोळंबल्या असत्या. याला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' म्हणतात. डब्ल्यूआरके२ हे साधन ठरलेल्या दराने विनंत्या पाठवते आणि विनंती निघायला हवी होती त्या क्षणापासून विलंब मोजते, म्हणून ते वापरावे आणि सरासरीऐवजी ९९ वा पर्सेंटाइल (ज्याच्या आत ९९ टक्के विनंत्या पूर्ण होतात तो विलंब) द्यावा.

प्रकल्प टाकून देऊ नका. दोन स्वतंत्र यंत्रांवर प्रत्येक चाचणी अनेकदा चालवा, आकड्यांतील चढउतारही दाखवा, आणि प्रत्येक फ्रेमवर्कच्या जाणकाराकडून आपला कोड तपासून घ्या, कारण आपल्याला सवयीच्या फ्रेमवर्कला नकळत झुकते माप मिळते. अर्जात 'दहापट वेगवान' या शब्दांऐवजी पहिल्या मोजणीत काय चुकले आणि ते दुरुस्त केल्यावर आकडा किती बदलला, हे दोन ओळींत लिहा. मुलाखतीत प्रश्न त्यावरच यावेत, अशी माझी इच्छा आहे.