कुत्र्याचं पिल्लू आलं? आधी फिनाइल आणि गोळ्या वर ठेवा

अभिनंदन, ताई! पट्टा, शाम्पू वगैरे सावकाश घ्या. आधी रांगत, पिल्लाच्या उंचीवरून घर बघा. पलंगाखाली एखादी डांबराची गोळी सापडतेच, तीही विषारी.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

– माणसांची औषधं नकोत. अंग गरम लागलं म्हणून अर्धी पॅरासिटामॉल देणं ही नेहमीची चूक. मांजरीला तर एक गोळीही जीवघेणी ठरते.

– कांदा, लसूण, चॉकलेट, बेदाणे बंद. इंदूरात रविवारचे पोहे ठरलेले. वर कच्चा कांदा घातलेली प्लेट खाली ठेवू नका. पाहुण्यांनाही सांगा, लाडाने भरवणारे तेच असतात.

– उंदराचं औषध. यात लोक हमखास फसतात. बऱ्याच औषधांनी रक्त गोठणं बंद होतं, पण दोन-तीन दिवस कुत्रं मजेत खेळतं. मग हिरड्यांतून रक्त येतं, धाप लागते. वडी कुरतडलेली दिसली की लगेच निघा, वेष्टन सोबत न्या. त्यावरचं नाव वाचून डॉक्टर रक्त गोठवायला मदत करणारं व्हिटॅमिन के१ द्यायचं की दुसरं काही, ते ठरवतात.

फिनाइलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत पिल्लू बाहेर. पंजे चाटतं ना!

मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. अॅसिड पोटात गेलं असेल तर येताना घसा पुन्हा भाजतो. इंदूरजवळ महूला व्हेटरनरी कॉलेज आहे, पण मध्यरात्री तिथवर कुठे धावणार? जवळचं कोण उघडं असतं, आजच विचारून ठेवा.

कुंड्यांतल्या विषारी झाडांचं पुढे बघू. मांजर आणणार असाल तर मात्र लिली घरात नको.