नेक्स्ट कोणाचा?
(वाचकांचे बास्केटबॉलबद्दलचे प्रश्न आणि आमची उत्तरं)

प्रश्न : दादा, मी मूळचा नागपूरचा, वय 25. तिकडे शिवाजीनगर जिमखान्यावर लहानपणापासून पडीक असायचो, संध्याकाळी सहाला गेलं की कोणी ना कोणी असतंच, फोन करायची गरज नाही. आता नोकरीमुळे मुलुंडला राहतो, ऑफिस परळला. चार महिने झाले बॉलला हात नाही. मॅपवर बघून तीन ठिकाणी जाऊन आलो, एक सोसायटीचं निघालं तिथून वॉचमननी हाकललं, दुसरं शाळेचं होतं, गेट बंद, आणि तिसऱ्या ठिकाणी कोर्टवर चक्क बाइक लावलेल्या. या मुंबईत ओपन कोर्टवर साधं येऊन खेळता येईल असं काही आहे का नाही भाऊ?

उत्तर : आहे, पण मॅपवर सापडणार नाही. मॅप तुला रिंग कुठे आहे ते सांगतो, माणसं कुठे आहेत ते नाही सांगत, आणि तुला रिंग नकोय, दहा माणसं हवीत. तू नागपूरवाला, तुला हे वेगळं सांगायला नको. चकचकीत निळा-लाल रंग मारलेली कोर्टं मी अशी बघितलीत की वर्षभर तिथे फक्त आजोबा शतपावली करतात, आणि तडे गेलेल्या सिमेंटवर वीस पोरं नंबर लावून बसलेली पण बघितलीत.

तर पहिलं नागपाडा. तुझ्या ऑफिसपासून तीन स्टेशनं, परळहून भायखळा, तिथून चालत नाहीतर शेअर टॅक्सी. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की जुनी माणसं आधी नागपाड्याचंच नाव घेतात. गंमत म्हणजे यात एक ‘मराठी’ धागा पण आहे, तिथलं नागपाडा नेबरहूड हाऊस हे समाजकेंद्र 1920 च्या दशकात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशननी सुरू केलं, आणि पुढे 1936 मध्ये टाटांची समाजकार्याची संस्था, म्हणजे आजची टिस, ती सुद्धा आधी तिथेच भरायची. भारताचे कॅप्टन राहिलेले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांमधले. दाटीवाटीची वस्ती, क्रिकेटला मैदान पुरत नाही, पण 28 बाय 15 मीटरच्या जागेत दहा जण खेळतात आणि पन्नास बघतात, हा हिशोब तिथे फार आधी जमला. मस्तान वायएमसीएचं कोर्ट पण तिथलंच.

पण जाशील तेव्हा पहिल्या दिवशी बॅगेतून बॉल काढू नकोस. बस कडेला. कोण कोणाला काय हाक मारतं, गेम किती पॉइंटला चाललाय, हरलेली टीम बाहेर जाते की टीम पुन्हा पाडतात, हे सगळं अर्ध्या तासात कळतं. मग गेम संपताना हळूच विचारायचं, ‘नेक्स्ट किसका है?’, म्हणजे पुढचा गेम कोणाचा. (तिथे मराठीचा हट्ट नको, बंबईया हिंदी चालते.) लेव्हल कडक आहे, पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभं करतील, पास पण नाही देणार. वाईट वाटून घेऊ नकोस, डिफेन्स कर, रिबाउंड घे (म्हणजे हुकून परत आलेला बॉल पकड), समोरचा कोणी आपल्या माणसाची वाट अडवायला उभा राहिला की ओरडून ‘स्क्रीन’ सांग. तिसऱ्या दिवशी नावानी हाक मारतात. स्वतःचा फाउल स्वतःच मागायचा असतो पण बॉल घेऊन रिंगकडे घुसताना दर वेळी ‘फाउल फाउल’ करणारा माणूस कुठल्याच कोर्टवर टिकलेला मी बघितला नाही.

दुसरं माटुंगा, तुझ्या घरच्या वाटेवर. इंडियन जिमखाना आहे, डॉन बॉस्को शाळा आहे जिथे सॅव्हिओ कप ही बास्केटबॉलची स्पर्धा होते. आता जिमखाना म्हणजे मेंबरशिप आणि शाळा म्हणजे गेट, हे खरं, पण तू स्पर्धा बघायला जा. मॅच बघायला आलेल्यांत निम्मे स्वतः कुठे ना कुठे खेळणारे असतात, शेजारच्याला ‘तुम्ही कुठे खेळता’ एवढं विचारलं तरी काम होतं. माझं स्वतःचं असंच झालं, एका मॅचला बाजूच्या काकांशी रेफ्रीवरून वाद घातला आणि पुढच्या रविवारी सकाळी सातला त्यांच्याच ग्रुपमध्ये खेळत होतो.

रविवार सकाळ हे लक्षात ठेव. कोर्ट असलेल्या जवळपास प्रत्येक शाळा-कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा एक रविवारचा ग्रुप असतोच, आठवड्यातून निदान दोघं तरी ‘गुडघा दुखतोय’ म्हणून गळतात आणि नववा-दहावा माणूस त्यांना कायम हवाच असतो. गेटवर वॉचमनशी हुज्जत घालू नकोस, त्याच्या हातात काही नसतं. पीटीच्या सरांना भेट, नाहीतर संध्याकाळी पोरांना शिकवणाऱ्या कोचला. धोबीतलावला खेळाच्या दुकानातही विचार, बॉल कोण नेतं ते त्यांना पक्कं माहीत असतं.

आता कोर्टच बघायचं झालं तर रंगावर जाऊ नकोस. बूट घासून बघ, चर्र वाजला तर पकड आहे, वाळू सरकली तर पाय मुरगळणारच, तिथे एक खराटा ठेवायचा आणि आधी दोन जणांनी झाडायचं. मग बोर्डाच्या मागे किती जागा आहे ते. नियमानी रेषेबाहेर चारी बाजूंनी 2 मीटर मोकळं लागतं, आपल्याकडे तिथे भिंत असते किंवा गटाराचं झाकण, आणि ले-अप मारून, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळ बॉल टाकून, माणूस थेट तिथेच जातो. रिंग 3.05 मीटरवर हवी, म्हणजे दहा फूट. हा आकडा कुठल्या शास्त्रातून नाही आलेला बरं का, 1891 मध्ये नायस्मिथनी स्प्रिंगफील्डच्या जिममध्ये पीचच्या टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता, बस. जुन्या कोर्टवर मात्र सिमेंटचे थरावर थर पडून रिंग तीन-चार इंच ‘खाली’ आलेली असते, तुझे शॉट अचानक लांब जायला लागले तर स्वतःला दोष देण्याआधी टेप लाव. संध्याकाळी पाचला एक बास्केट पश्चिमेला असेल तर डोळ्यात ऊन, मग हाफ कोर्ट दुसऱ्या बाजूला.

आणि पाऊस! जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सिमेंटवर शेवाळ धरतं, तेव्हा हिरो बनायला जाऊ नकोस. छप्पर असलेलं कोर्ट आत्ताच, उन्हाळ्यात शोधून ठेव, तेव्हा ओळखी असतात, जुलैत सगळेच शोधत असतात. बॉल रबराचा घे, लेदरचा बॉल सिमेंटवर महिन्यात सोलून निघतो.

प्रश्न : मी पुण्याची, वय 31, कॉलेजच्या टीममध्ये होते. आता परत सुरू करायचंय पण संध्याकाळी कोर्टवर सगळी मुलंच, घेतात खेळायला पण पासच देत नाहीत, नुसती इकडून तिकडे पळते. काय करू?

उत्तर : ताई, पास न मिळणं हा तुमच्या खेळाचा दोष नाही, पाच-पाचच्या गेममध्ये नवीन माणसाला लपवता येतं आणि बाईला तर आणखीच सोयीस्करपणे लपवतात. म्हणून तीन-तीनचं खेळा. अर्धंच कोर्ट, एकच बास्केट, आर्कच्या (रिंगसमोरच्या मोठ्या गोल रेषेच्या) आतून 1 आणि बाहेरून 2 पॉइंट, 21 ला गेम किंवा 10 मिनिटं, आणि बास्केट करायला फक्त 12 सेकंद. (घड्याळ नसतं तिथे बाहेरचा कोणीतरी मोठ्यानी मोजतो, आणि कायम भराभर मोजतो!) तिघांत एकाला पास द्यायचा नाही असं ठरवलं तर दोघंच उरतात, हरतात आणि गपचूप द्यायला लागतात. शिवाय 3x3 चा बॉल पुरुष-बायका दोघांना एकच, साइज 6 चा घेर आणि वजन 7 नंबरचं, तो तुम्हीच विकत घ्या. बॉल ज्याचा त्याला बाहेर बसवत नाहीत, हा गल्लीतला नियम अजून कोणी मोडलेला नाही.

जमलं तर जुन्या टीममधल्या दोघींना फोन करा, तिघी एकत्र गेलात की टीम आयतीच. भारताकडून खेळलेली शिरीन लिमये तुमच्याच पुण्याची, तेव्हा शहरात खेळणाऱ्या बायका नाहीत असं मुळीच नाही, त्या सकाळी साडेसहाला येतात आणि आठला घरी पोचून डबे भरतात, म्हणून संध्याकाळी दिसत नाहीत. एकदा सकाळी जाऊन बघा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत रिंग बसवतायत. मुलगी 9 वर्षांची आहे, कमिटी म्हणते दहा फुटांवरच बसवू, ‘नियम म्हणजे नियम’. तिचा बॉल रिंगपर्यंत पोचतच नाही.

उत्तर : कमिटीला सांगा की लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलची रिंग 2.60 मीटरवर असते, तोही नियमच आहे. खाली-वर करता येणारा खांब घ्या, थोडा महाग पडतो. बॉल 5 नंबरचा. आणि रिंग कोणाच्या बेडरूमच्या खिडकीखाली बसवू नका, दुपारी दोनला बोर्डावर बॉल आपटला की तळमजल्यावरचे काका बाहेर येतात आणि पुढच्या मीटिंगपर्यंत रिंग निघालेली असते, आमच्याकडची अशीच निघाली, खांब अजून उभा आहे, त्याला आता कपड्यांची दोरी बांधलीये.