‘ड्यून एनसायक्लोपीडिया’ विकत घेण्यासारखा आहे का? चाहते त्याला अधिकृत मानतात का?

तुम्ही लिहिलंय की फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ या विज्ञानकादंबऱ्यांच्या मालिकेवरचे दोन्ही सिनेमे बघून झाले, पहिली कादंबरी वाचून झाली, आता या जगाचा संदर्भग्रंथ म्हणून १९८४चा ‘ड्यून एनसायक्लोपीडिया’ घ्यावा का, आणि त्याच्यावरून चाहते एवढे भांडतात का. घ्यावा का ते पुढे बघू. भांडणाबद्दल मात्र मला विचारा, कारण त्यातलं एक वीसेक वर्षं आमच्याच घरात चालू आहे.

‘तो कोश कॅनन (म्हणजे मूळ कथेचा अधिकृत भाग) नाही, वेळ घालवू नका’ असं सांगणारे तुम्हाला पैशाला पासरी मिळतील. माझं मत असं की या मंडळींनी आयुष्यात एकही कोश धड हाताळलेला नसतो.

मी वाईचा. वाईच्या माणसाला कोशाबद्दल विचारलं की तो ऐकवतोच. लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार इथे मांडला, माझे वडील त्यात मुद्रितशोधनाचं काम करायचे. पहिला खंड १९७६ साली आला, मीही त्याच साली आलो. घरात कुणाचं कौतुक जास्त झालं, हे मी कधी विचारलं नाही. काम अंगावर आलं की बाबा गॅल्या, म्हणजे छापखान्यातली कच्ची मुद्रितं, घरी आणायचे. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि त्यांनी गॅलीवर लाल पेन्सिल फिरवायची. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं. ‘स्वल्पविराम’, ‘कंस सुरू’, ‘इसवी सन’, ‘कंस पुरा’, ‘नवा परिच्छेद’. बाकीची पोरं कृष्णेच्या घाटावर डुंबत असताना मी अख्खीच्या अख्खी नोंद अशी वाचून काढलेली आहे. त्यातलं एक अक्षर आज आठवत नाही, पण नोंदीचा साचा डोक्यात पक्का बसला. आधी ठळक शीर्षक, मग व्याख्या, मग पसारा, शेवटी ‘पहा’, मग संदर्भ, मग लिहिणाऱ्याचं नाव.

आता १९९३. बारावी झाली होती. पाचगणीच्या बोर्डिंगमधली पोरं शाळा सोडताना जे टाकून जातात, ते पसरणीचा घाट उतरून आमच्याकडच्या रद्दीवाल्याकडे येतं. तिथे जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ गायब, पहिली काही पानं गायब. तागडीत पाऊण किलो भरलं, तीन रुपये दिले आणि घेऊन आलो.

पहिली पाच-दहा मिनिटं मला वाटलं, अरबस्तानाबद्दलचा कोश आहे. वाळवंट, टोळ्या, अरबीच्या वळणाची नावं, अंगातलं पाणी वाया जाऊ न देणारा पोशाख. मग दोन-दोन चंद्र असलेला ग्रह आला, हजारो वर्षांच्या सनावळ्या आल्या, आणि डोक्यात उजेड पडला की हे सगळं रचलेलं आहे. पण रचलंय कसं, तर अगदी आमच्या घरच्यासारखं! अकारविल्हे नोंदी, आणि नोंदींखाली संदर्भग्रंथ, तेही रचलेले. तरी मी वेड्यासारखं त्यातल्या एका संदर्भग्रंथाचं नाव चिठ्ठीवर उतरवून ग्रंथालयात नेलं. ग्रंथपालांनी कार्डांचे दोन खण उपसले, चश्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मागवावं लागेल.”

थोडक्यात, मी ड्यूनचा कोश आधी वाचला आणि कादंबरी तीन वर्षांनी, पुण्याला गेल्यावर. असं करणारा सातारा जिल्ह्यात मी एकटाच असेन.

बाबांना दाखवला. त्यांनी रात्री जेवणं झाल्यावर उघडून मधलीच एक नोंद काढली, जेहान बटलर या बाईंची. दवाखान्यातला संगणक आपल्या मनाने ठरवून त्या बाईचा गर्भ पाडतो, त्यातून माणसं विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध उठतात, आणि तेच पुढे ‘बटलेरियन जिहाद’ म्हणून ओळखलं जातं, अशी ती हकीकत. बाबांनी शब्दकोश शेजारी ठेवून शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, “नोंद बरी आहे. समीक्षकाकडे जाऊन आलेली दिसत नाही.” आणि सवयीने समासात लाल पेन्सिलीने लिहिलं : ‘शक कोणता?’ कारण सनापुढे बी.जी. अशी अक्षरं होती. म्हणजे ‘गिल्डपूर्व’, त्या जगातला अंतराळप्रवास ताब्यात असलेल्या गिल्ड या संघटनेच्या आधीचा काळ, पण त्यांना ते कुठून माहीत असणार.

हे समासातलं लाल अक्षर लक्षात ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. फाटलेल्या पानांवर काय होतं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. हा कोश विलिस मॅकनेली या कॅलिफोर्नियातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने जमवलेला. लिहिणारे चाळीसहून जास्त. मूळ लेखक फ्रँक हर्बर्ट त्याचा मित्र, त्याने स्वतः प्रस्तावना दिली. तीत आनंदाने मान्यता आहे, आणि जोडीला सावध पुस्तीही : पुढच्या भागांत जे यायचंय त्याबद्दल माझं मी बघेन, अशा अर्थाची. भांडणाचं सगळं बी त्या पुस्तीत आहे. १९८४लाच हर्बर्टची पाचवी कादंबरी आली, १९८५ला सहावी, आणि त्यात तो आपल्या वाटेने गेला, कोशाला विचारत बसला नाही. फेब्रुवारी १९८६मध्ये तो वारला. १९९९पासून त्याचा मुलगा ब्रायन आणि केव्हिन अँडरसन यांनी आधीच्या काळातल्या कथा लिहायला घेतल्या. २००२च्या पुस्तकात जिहादचं कारणच बदललं. तिथे बाईचं नाव सेरेना बटलर, आणि इरॅस्मस नावाचा यंत्रमानव तिच्या लहान मुलाला मारतो. वारसांच्या लेखी कोश अधिकृत नाही. संपलं. अधिकृत का, याचं सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे.

पण हे उत्तर मला ज्या तोंडून ऐकावं लागलं ते तोंड माझ्या मावसभावाचं होतं.

मावशी बावधनची. रंगपंचमीला बगाडाला आम्ही सगळे तिकडे जमतो. २००४ साली आमचे हे पुणेकर, नोकरीनिमित्त अमेरिकेची एक खेप मारून आलेले, नव्या मालिकेची कोरी पुस्तकं घेऊन हजर. मी कौतुकाने माझा कोश नेला होता, कारण आख्ख्या नातेवाइकांत ड्यून वाचलेले आम्ही दोघेच. बाहेर बगाडाला बैल जुंपलेले, माणसांचा समुद्र, आणि आम्ही माळ्यावर बसून जेहान की सेरेना यावर घसा ताणतोय. तो म्हणाला, “दादा, तुझा कोश बाद. लेखकाच्या पोराने लिहिलंय, आता हेच खरं.” मी म्हणालो, “वारसाने शेत मिळतं बाबा, सातबाऱ्यावर नाव चढतं. गोष्ट कशी चढेल?” तर म्हणतो कसा, “तुझ्या कोशाच्या सातबाऱ्यावर तर कुणाचंच नाव नाही. पहिलं पानच फाटलंय.”

मावशी खालून ओरडली, बगाड वेशीत आलं, खाली या. मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते परतताना वाईच्या गाडीत, आणि ते आज इथे देतो.

पहिल्या कादंबरीच्या शेवटची शब्दसूची काढा. ‘जिहाद, बटलेरियन’ : संगणक आणि विचार करणारी यंत्रं यांच्याविरुद्धचं धर्मयुद्ध, २०१ गिल्डपूर्व ते १०८ गिल्डपूर्व. पुढे काय, तर पहा : ‘ग्रेट रिव्होल्ट’. तिथे गेलात तर, पहा : ‘जिहाद, बटलेरियन’. अशी गोल नोंद एखाद्याने बाबांपुढे ठेवली असती तर ती लाल होऊन परत गेली असती! मूळ लेखकाने जागा मोकळी सोडली होती. बटलर कोण, पुरुष की बाई, एक की घराणं, तिथे काही नाही. प्राध्यापकाच्या लोकांनी ती एका तऱ्हेने भरली, पोराने दुसऱ्या तऱ्हेने. पहिल्यांनी भरली तेव्हा हर्बर्ट जिवंत होता आणि त्याने वर प्रस्तावना लिहिली. मला तेवढं पुरतं.

शिवाय पठ्ठ्यांनी पळवाट आधीच बांधून ठेवलीये. हा कोश ‘आपण’ लिहिलेलाच नाही. हजारो वर्षांनंतर हादी बेनोटो नावाच्या संशोधकाच्या हाती जुने दस्तऐवज लागतात, त्यावरून त्या काळातल्या पंडितांनी तो लिहिलाय, अशी बतावणी आहे. पंडित म्हटले की पक्षपात आला, चुकीचे तर्क आले, दुसऱ्याच्या नोंदीला टोमणे आले. मग पुढच्या कादंबरीत वेगळं निघालं तर कोश खोटा कसा ठरेल? पंडित चुकले, एवढंच. आमच्या विश्वकोशाचा विसावा खंड येईतो पहिल्याला चाळीसेक वर्षं होत आली होती. २००६ला प्लूटोचं ग्रहपद गेलं, म्हणून त्याआधीचा खंड कुणी रद्दीत घातला का? आमच्या घरी तरी नाही.

चाहत्यांचं म्हणाल तर ढोबळमानाने असं आहे. ज्यांनी हर्बर्टच्या सहा कादंबऱ्या वाचल्या आणि पोराच्या आवडल्या नाहीत, ते हा कोश डोक्यावर घेतात. त्यातल्या निम्म्यांनी तो उघडलेला नसतो, पोराला झोडायला काठी हवी असते. ज्यांनी नव्या कादंबऱ्यांपासून सुरुवात केली त्यांना तो अडगळ वाटतो. तिसरे माझ्यासारखे, ज्यांना खोटे संदर्भ वाचायला आवडतं. आम्ही थोडे आहोत.

आता जे वर सांगायला हवं होतं ते. एक तर हा कोश १९८१च्या चौथ्या कादंबरीपर्यंतचं सगळं फोडून टाकतो. तुम्ही एकच वाचलीये, तेव्हा आत्ता हात लावू नका. मला आधीच सगळं माहीत असल्याने कादंबरीचा नायक पॉल, त्याचं पुढे काय होणार याची धाकधूक मला कधी मिळालीच नाही, आणि ते नुकसान खरं आहे. दुसरं, शेवटच्या दोन कादंबऱ्या त्यात नाहीत. तिसरं, एवढ्या हातांनी लिहिल्यावर दर्जा सारखा राहत नाही. वाळूकिड्याची जीवशास्त्रीय नोंद बघाल तर थक्क व्हाल, आणि काही ठिकाणी प्राध्यापक मंडळी चहाच्या टेबलावर एकमेकांना हसवतायत असं वाटतं; पृथ्वीचा आपला इतिहास त्यात ‘वॉशिंग्टन घराणं’ वगैरे करून सांगितलाय. मला ते आवडतं. बाबांना पटलं नसतं.

नवी प्रत दुकानात मिळणार नाही, पुस्तक कधीच छपाईतून गेलंय. जुनी मिळाली तर विकणारा तुमचं तोंड बघून किंमत सांगेल. तोवर कादंबरीमागची परिशिष्टं वाचा. लोक ती वगळतात आणि मग संदर्भग्रंथ शोधत फिरतात.

राहता राहिली माझी प्रत. त्या रंगपंचमीला मावसभाऊ म्हणाला, “दोन दिवस दे, तुलना करून बघतो.” दिली. पुढे तो परत अमेरिकेला गेला, मग पुण्यात फ्लॅट झाला, मग ‘खोक्यात आहे कुठेतरी’, मग ‘बहुतेक तुलाच परत दिला होता ना?’ २०११मध्ये बाबा गेले. तो भेटायला आला होता, तेव्हा हा विषय काढण्यासारखा नव्हता, मी काढला नाही. २०२१ला सिनेमा आला तशी घराच्या ग्रुपवर फोटो : ‘माझं ड्यून कलेक्शन’. कोऱ्या पुस्तकांच्या मधोमध एक जाड, मुखपृष्ठ नसलेलं, प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. बाद झालेला कोश! खाली अकरा अंगठे. मावशीचासुद्धा.

मी लिहिलं, “मस्त. बटलरचं पान उघडून फोटो टाक ना.” दोन निळ्या खुणा झाल्या. फोटो अजून आलेला नाही.

तेव्हा घेतलात तर एक करा. नाव पहिल्या पानावर घालू नका, पहिलं पान फाटतं. आत कुठेतरी मधल्या नोंदीच्या समासात घाला, लाल पेन्सिलीने.